रेलून बसायची सायकल आणि तिचा टायर

मागच्या उन्हाळ्याच्या सुटीत मी आंधळगावी होतो. भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातले हे गाव कोशाच्या कापडासाठी ओळखले जाते. एका संध्याकाळी शाळेतली तीन मुले एक झिजलेला टायर हातात घेऊन दारात उभी राहिली. टायर नवा घेऊन महिनाही झाला नव्हता, पण मधला रबर जाऊन आतले कापड दिसू लागले होते. "सर, टायर खराब निघाला. आता कोणता घ्यावा?" असा त्यांचा प्रश्न होता.

प्रश्न साधा होता, पण तो टायर ज्या वाहनाचा होता ते वाहन साधे नव्हते. या मुलांपैकी एकाचे वडील विणकर. मागावर बसून बसून त्यांची कंबर धरली होती. साध्या सायकलवर ओणवे बसणे त्यांना जमेना आणि डॉक्टरांनी धक्के टाळायला सांगितले होते. कापडाचे गाठोडे घेऊन बाजाराला जायचे कसे? मुलांनी एका जुन्या सायकलचे मागचे चाक घेतले, लहान मुलांच्या सायकलींची दोन चाके पुढे लावली आणि मधे एक आरामखुर्चीसारखी बैठक बसवून तीनचाकी तयार केली. तीत पाठ टेकून, पाय पुढे पसरून पायडल मारायचे. वेल्डिंग करणाऱ्याने किती वेळा डोक्याला हात लावला ती कहाणी वेगळी.

अशी रेलून चालवायची सायकल ही नवी कल्पना नाही. फ्रान्समध्ये शार्ल मोशे यांनी बनवलेल्या अशा सायकलीवर फ्रान्सिस फोर या स्वाराने ७ जुलै १९३३ रोजी पॅरिसमध्ये एका तासात ४५.०५५ कि.मी. अंतर कापले. त्याआधीचा ऑस्कर एग यांचा ४४.२४७ कि.मी. हा विक्रम १९१४ पासून अबाधित होता. विशेष म्हणजे फोर हा काही पहिल्या दर्जाचा शर्यतपटू नव्हता. १९३४ मध्ये आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने अशा सायकलींना शर्यतीतून बादच केले. त्या विक्रमामागचे कारण होते हवा. रेलून बसलेल्या माणसाचे अंग वाऱ्याला कमी आडवे येते.

पण आपल्या विणकर काकांना विक्रम करायचा नव्हता. ताशी १०-१२ कि.मी. वेगाने जाताना हवेचा रोध मुळातच थोडा असतो आणि रेलून बसल्यावर तो आणखी घटतो. मग उरतो तो चाक घरंगळताना होणारा रोध. त्याला आपण घरंगळरोध म्हणू. हा रोध प्रामुख्याने टायरमध्ये असतो. म्हणजे बैठक बदलल्यामुळे टायरचे महत्त्व वाढले! मुलांचा प्रश्न तेवढ्यासाठी मला फार आवडला.

घरंगळरोध येतो कोठून? बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असते. ती दबत नाही, म्हणून रस्त्यावरचा प्रत्येक खडा गाडीलाच वर उचलतो. हवेचा टायर स्वतः दबतो आणि खडा गिळतो. रॉबर्ट टॉमसन यांनी १८४५ मध्ये अशा टायरचे पेटंट घेतले होते, पण ते विसरले गेले. १८८८ मध्ये बेलफास्ट येथील जॉन बॉइड डनलॉप या गुरांच्या डॉक्टरांनी आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी तो पुन्हा शोधला. टायर दबतो तेव्हा रबर आणि कापड वाकते, जमिनीवरून उचलले गेले की पुन्हा सरळ होते. वाकताना घेतलेली सगळी ऊर्जा सरळ होताना परत मिळत नाही. थोडी उष्णता होऊन जाते. ही प्रत्येक फेऱ्याची चोरी म्हणजेच घरंगळरोध.

आंधळगावच्या मुलांना टायरचे कापड समजावणे मात्र फार सोपे गेले. कोशाच्या कापडात ताणा आणि बाणा एकमेकांच्या वरखाली जातात. पहिल्या टायरांतही असेच विणलेले कापड असे. टायर दबला की वरखाली गेलेले धागे एकमेकांवर घासत आणि काही दिवसांत तुटत. पुढे कारागिरांनी विणायचेच सोडून दिले. सारे धागे एकाच दिशेने शेजारी शेजारी मांडून रबरात बुडवायचे, त्यावर दुसरा थर आडव्या दिशेने तिरपा ठेवायचा, आणि दोन्हींच्या मधे रबर. आजचा सायकलचा टायर असाच असतो. धागा जितका बारीक आणि दाट तितके कापड लवचिक आणि चोरी कमी. साध्या टायरात एका इंचात वीस-तीस जाड धागे असतात, शर्यतीच्या टायरात शंभराहून अधिक. पूर्वी शर्यतीचे उत्तम टायर रेशमी धाग्यांचे करीत आणि युरोपात अजूनही थोडे होतात. हे ऐकून मुलाचे वडील पहिल्यांदा हसले.

आता मुलांचा झिजलेला टायर. मी तो हातात फिरवून पाहिला. झीज बोटाने चाचपली तर एका बाजूने गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूने करवतीसारखी खरखरीत लागत होती. सरळ घरंगळणारा टायर असा झिजत नाही, हा टायर आडवा घासला गेला होता. आम्ही दोरी घेतली. पुढच्या दोन चाकांच्या पुढच्या कडांमधले अंतर मोजले, मग मागच्या कडांमधले. पुढचे अंतर १८ मि.मी. कमी भरले! म्हणजे प्रत्येक चाक ९ मि.मी. आत वळलेले. चाकाचा व्यास सुमारे ५०० मि.मी. धरला तर हा कोन जेमतेम एक अंश होतो. डोळ्याला दिसतही नाही. पण ९ भागिले ५०० म्हणजे ०.०१८. प्रत्येक चाक दर मीटरला १८ मि.मी. आडवे ओढले जात होते, एका किलोमीटरला १८ मीटर! बिचाऱ्या टायरचा दोष काहीच नव्हता. दुचाकी सायकलमध्ये हा प्रश्न येत नाही, कारण पुढचे एकटे चाक हवे तिकडे वळते. दोन चाके एका दांड्याने बांधली की ती एकमेकांशी भांडू शकतात.

दांड्याची लांबी बदलून चाके समांतर केली. आता टायर निवडायला हरकत नव्हती, पण त्याआधी एक फजिती झाली. मुलांनी बाजारातून २० × १.७५ मापाचे दोन टायर आणले. एक चाकावर बसला, दुसरा काही केल्या बसेना. दोन्ही चाके "वीस इंची" म्हणूनच घेतलेली! खुलासा असा. इंचातले माप हे मुळात हवा भरलेल्या टायरच्या बाहेरच्या व्यासाचे असते, रिमचे नव्हे. गावात सर्रास दिसणारी २८ इंची सायकल घ्या. तिच्या रिमचा व्यास ६३५ मि.मी., त्यावर दोन्ही बाजूंना सुमारे ३८ मि.मी. जाडीचा टायर, बेरीज ७११ मि.मी., म्हणजे बरोबर २८ इंच. पण जाड टायर लहान रिमवर आणि बारीक टायर मोठ्या रिमवर बसवूनही बाहेरचा व्यास जवळपास तेवढाच येतो. म्हणून २० × १.७५ चा टायर ४०६ मि.मी. रिमवर बसतो आणि २० × १ ३/८ चा टायर ४५१ मि.मी. रिमवर. दोघेही वीस इंची आणि दोघांत ४५ मि.मी. चे अंतर. यावर उपाय टायरच्या बाजूवरच छापलेला असतो. ४७-४०६ किंवा ३७-४५१ असे दोन आकडे पाहा. पहिला टायरची रुंदी, दुसरा रिमचा व्यास, दोन्ही मि.मी. मध्ये. दुसरा आकडा जुळलाच पाहिजे.

शेवटी दोन्ही मापांच्या चाकांच्या जोड्या जमवल्या आणि त्यांची परीक्षा घ्यायचे ठरवले. ही परीक्षा कोणत्याही शाळेत करता येईल, म्हणून सविस्तर सांगतो.

राईस मिलच्या वजनकाट्यावर एकेक चाक ठेवून, बाकीची चाके तेवढ्याच उंचीच्या फळ्यांवर ठेवून भार मोजला. स्वारासह एकूण ९० किलोग्रॅम. पुढच्या प्रत्येक चाकावर २९ आणि मागे ३२. मग टायरला शाई लावून, स्वार बसवून, चाक आलेख कागदावर टेकवले आणि ठशातले चौरस मोजले. बारीक टायरात दर चौ.सें.मी. ला ३.५ किलो दाब भरला होता, म्हणजे दुकानातल्या भाषेत ५० पौंड. २९ भागिले ३.५ म्हणजे ८.३ चौ.सें.मी. ठसा हवा, आणि तो साधारण तेवढाच आला. टायरचे कापडही थोडा भार पेलते, म्हणून तंतोतंत जुळत नाही. जाड टायरात २.५ किलो, म्हणजे ३५ पौंड भरले. त्याचा ठसा ११.६ च्या आसपास. टायरच्या रुंदीने ठशाचे क्षेत्रफळ ठरत नाही, ते भार आणि दाब यांनी ठरते, हे मुलांना कागदावरच दिसले.

मग पहाटे, वारा सुटण्याआधी, डांबरी रस्त्यावर गेलो. फळ्यांचा एक उतार केला. त्याची उंची गवंड्याच्या पाण्याच्या नळीने मोजली, १५ सें.मी. उतारावरून तीनचाकी नुसती सोडायची, पायडल मारायचे नाही, आणि ती आपोआप कोठे थांबते ते मोजायचे. वरून खाली येताना मिळालेली ऊर्जा म्हणजे वजन गुणिले उंची. ती सारी रोधाशी लढण्यात संपते, म्हणजे रोध गुणिले अंतर. दोन्ही बाजूंतून वजन काढून टाकले की उरते:

घरंगळ गुणांक = उंची ÷ अंतर

वजन मोजायची गरज नाही, वेग मोजायची गरज नाही! खाली पोचताना वेग ताशी सहा कि.मी. च्या आसपास असतो, त्यामुळे हवेचा रोध दुर्लक्षिता येतो. मात्र रस्ता सपाट दिसला तरी सपाट नसतो. हजारात एक चढ असला तरी उत्तर दहाव्या हिश्शाने चुकते. म्हणून फळ्या उलटवून त्याच रस्त्यावर विरुद्ध दिशेनेही जा आणि दोन्ही गुणांकांची सरासरी घ्या. अंतरांची सरासरी घेऊ नका. असे का, ते बीजगणिताने काढून पाहा.

आमची मोजमापे अशी आली. बारीक टायर, ५० पौंड, चाके तिरपी असताना १३ मीटर. हे आम्ही मुद्दाम दांडा पुन्हा बिघडवून मोजले. तोच टायर, चाके समांतर, १६.५ मीटर, म्हणजे गुणांक ०.००९१. जाड टायर, ३५ पौंड, १५ मीटर, गुणांक ०.०१००. "बारीकच घ्यायचा, सर!" मुले ओरडली.

मग आम्ही तीच परीक्षा मुरमाच्या कच्च्या रस्त्यावर घेतली. बारीक कडक टायर ८ मीटरांवर थांबला, जाड मऊ टायर १० मीटरांवर. कडक टायर खडा गिळत नाही, बैलगाडीच्या धावेसारखा सारी गाडी स्वारासकट उचलतो. उचलण्यात गेलेली ऊर्जा पुढे नेण्याच्या कामी येत नाही. ती जाते स्वाराच्या अंगात, आणि इथे स्वाराची कंबर दुखत होती. साध्या सायकलवर खड्डा आला की आपण नकळत पायडलवर उभे राहतो, गुडघे धक्का झेलतात. रेलून बसलेल्याला उठता येत नाही. सारा धक्का पाठीला. त्यात पुढची चाके लहान. २० सें.मी. रुंदीच्या खड्ड्यात ७१ सें.मी. व्यासाचे चाक १.४ सें.मी. खाली जाते आणि ५० सें.मी. व्यासाचे २ सें.मी. हे वर्तुळाच्या जीवेवरून तुम्हीही काढू शकाल.

तर मग जाड टायरची किंमत किती? डांबरी रस्त्यावर गुणांकात फरक ०.०००९. वजन ९० × ९.८, म्हणजे ८८२ न्यूटन. जादा रोध ०.८ न्यूटन. दहा किलोमीटरला ८,००० जूल. शरीर अन्नातल्या ऊर्जेचा सुमारे चौथा हिस्साच कामात बदलते, म्हणून ३२,००० जूल धरा. एक ग्रॅम गुळात साधारण १६,००० जूल असतात. म्हणजे दोन ग्रॅम गूळ! काकांनी हिशेब ऐकला आणि जाड टायरकडे बोट दाखवले.

मागच्या चाकाला २८ × १ १/२ चा साधाच टायर ठेवला. तो कोणत्याही दुकानात मिळतो आणि वाटेत फाटला तर ही गोष्ट गुणांकापेक्षा मोठी ठरते. बाभळीच्या काट्यांसाठी आत जाड पट्टी असलेले टायर मिळतात, पण ती पट्टीही दर फेऱ्याला वाकते आणि आपला वाटा मागते. आम्ही ती पुढच्या चाकांनाच घेतली, कारण पुढची चाके कडेच्या काट्यांत जातात. उन्हाळ्यात हवा कमी भरावी, नाहीतर ट्यूब फुटते, असे सगळे सांगत होते. हिशेब करू. २५ अंशाला ३५ पौंड भरलेला टायर उन्हात ६० अंश तापला, तर वातावरणाचे सुमारे १५ पौंड मिळवून ५० पौंड गुणिले ३३३ भागिले २९८, म्हणजे ५६ पौंड, त्यातून १५ वजा. उरले ४१. सहा पौंडांनी चांगला टायर फुटत नाही. फुटते ते जुने ठिगळ, उष्णतेने त्याचा चिकट द्राव मऊ पडतो म्हणून. हवा कमी भरली तर मात्र खड्ड्यात रिमच ट्यूबला चावते.

बैठक जमिनीलगत असल्याने ट्रकवाल्यांना ही तीनचाकी दिसत नाही, म्हणून मागे उंच काठीला कोशाच्या कापडाचा एक तुकडा बांधला आहे. दर पंधरा दिवसांनी मुले दोरी घेऊन पुढच्या चाकांतले अंतर तपासतात. परवा त्यांचा निरोप आला, टायरच्या रबरावरचे छोटे केस अजून शाबूत आहेत.