बारा बाय नऊच्या खोलीतला उन्हाळा

मार्च 2020 मध्ये मी पांढुर्ण्याहून भोपाळला आले. लेक नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेची तयारी करत होती. परीक्षा 3 मेला होती, तोवर तिच्याजवळ राहावं, हातचं जेवायला घालावं, एवढाच बेत होता. तिची खोली महाराणा प्रताप नगरात, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी एम. पी. नगरात. तिथे झोन वन आणि झोन टू असे दोन भाग आहेत. समोरच्या रस्त्यांवर कोचिंग क्लासच्या पाट्या आणि मागच्या गल्ल्यांत मुलामुलींच्या भाड्याच्या खोल्या. 22 मार्चला जनता कर्फ्यू झाला, त्याच दिवशी भोपाळमध्ये कोरोनाचा पहिला रुग्ण सापडला आणि त्याच रात्री प्रवासी गाड्या थांबल्या. आम्ही मायलेकी बारा बाय नऊच्या खोलीत, सगळ्यात वरच्या मजल्यावर, पाऊस येईपर्यंत राहिलो. तिथे जे समजलं ते इथे लिहिते आहे.

1. लहान खोलीत जागा वाटून घेऊ नये, वेळ वाटून घ्यावा. पंखा एक, टेबल एक, खिडकी एक. मधे रेघ ओढून काय वाटणार? आमची वाटणी घड्याळावर झाली. पहाटेचे दोन तास माझे, स्वयंपाकाचे. त्यानंतर दुपारपर्यंत खोली लेकीची. मी तिथेच असायचे, पण भांडं वाजवायचं नाही, फोनवर बोलायचं नाही, ‘झालं का गं?’ असं विचारायचं तर मुळीच नाही. संध्याकाळी ती गच्चीवर जायची आणि खोली माझी व्हायची. तेव्हा मी घरी फोन करायचे, गाणी लावायचे, कधी मनसोक्त रडून घ्यायचे. हा एकटीचा तास दोघींनाही जेवणाइतकाच लागायचा. तो मिळाला नाही त्या दिवशी मिठाच्या डब्यावरूनही भांडण व्हायचं. दिवसभर एकमेकांसमोर असलेल्या माणसांना प्रेम कमी पडत नाही, एकांत कमी पडतो, हे मला त्या खोलीत पटलं.

2. कूलर लावायचा तर खिडकी उघडी हवी. भोपाळचा एप्रिल-मे कोरडा, त्यामुळे कूलर छान चालतो. पण आत आलेली ओलसर हवा बाहेर जायला वाट नसेल तर खोलीत घुसमट होते. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून, घासून वाळवावी. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात, आणि त्या दिवसांत साध्या तापासाठी दवाखान्यात जायचीही भीती होती.

3. पाण्याचा हिशेब तोंडपाठ असावा, नावेत राहणाऱ्यांना असतो तसा. लेकीने मला मोबाइलवर इंग्लंडच्या कालव्यांवरच्या नॅरोबोट दाखवल्या. रुंदी सात फुटांच्या आत, लांबी सत्तर फुटांपर्यंत. एकेकाळी त्यांतून कोळसा जायचा, आता माणसं त्यांत संसार करतात. नाव बांधायला ज्यांना कायमची जागा नाही, त्यांना एरवी साधारण दर 14 दिवसांनी पुढे सरकावं लागतं. त्या वसंतात ती अट काही काळ थांबवली होती. पाणी भरायला, कचरा टाकायला गरजेपुरतं हलायचं, बस. टाकीत किती पाणी उरलंय हे त्या लोकांना न बघता सांगता येतं म्हणे. आमच्याकडे ड्रम आणि बादल्या होत्या. आधी पिण्याचं, मग स्वयंपाकाचं, मग कूलरचं, शेवटी कपड्यांचं. कपडे खळबळलेलं पाणी संडासात. हा क्रम ठरल्यावर मे महिन्यातही आमचं पाण्यावाचून अडलं नाही.

4. चूल पहाटेच उरकावी. पत्र्याखाली किंवा गच्चीखाली राहणाऱ्यांना याचं कारण सांगायला नको. 5 एप्रिलच्या मध्यरात्रीपासून भोपाळमध्ये दूध आणि औषधं सोडून सगळं बंद झालं, तेव्हा सांचीच्या दुधाच्या पिशव्या, बेसन, पोहे आणि मोडाची मटकी यांवरच दिवस निघाले. भाजी नसली तरी पिठलं आहे, आणि दूध आहे तोवर दही-भात आहे.

5. तारखेच्या भरवशावर अभ्यास बांधू नये. 3 मेची परीक्षा पुढे गेली, मग 26 जुलै जाहीर झाली, तीही गेली आणि अखेर 13 सप्टेंबरला झाली. मुलं वर्षभराचा दम एका दिवसासाठी राखून ठेवतात आणि तो दिवसच सरकत राहतो, तेव्हा होणारे हाल मी जवळून पाहिले. लेकीने भिंतीवरचं ‘उरलेले दिवस’ काढून टाकलं आणि तिथे फक्त आजचे धडे लिहायला लागली. रात्री ते पुसायचे. झोप परत आली ती त्यानंतर.

6. बातम्या दिवसातून एकदाच बघाव्यात, पण बघाव्यात. जवळच्याच सातपुडा भवनात तेव्हा आरोग्य खात्याचं कार्यालय होतं. त्या खात्यातलेच कितीतरी अधिकारी-कर्मचारी सुरुवातीला आजारी पडले. शहरातल्या पहिल्या मृतांमध्ये बहुतेक 1984 च्या भोपाळ वायुगळतीचे पीडित होते. त्यांच्यासाठी उभारलेलं भोपाळ मेमोरियल हॉस्पिटल मार्चच्या अखेरीस कोविडसाठी राखून ठेवलं गेलं आणि एप्रिलच्या मध्यावर ते त्यांना परत मिळालं. पस्तीस वर्षं अधू फुप्फुसांवर जगलेल्या माणसांकडून आधी त्यांचं हॉस्पिटल जावं, याचा मला अजून राग येतो.

मे महिना उजाडताच नाशिकहून मजुरांची पहिली खास गाडी भोपाळजवळच्या मिसरोद स्टेशनवर आली, तेव्हा बरं वाटलं. आणि 8 मेला औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपलेल्या 16 मजुरांना मालगाडीने चिरडलं. उमरिया-शहडोलकडची, आमच्याच मध्य प्रदेशातली माणसं. भुसावळहून गाडी मिळेल म्हणून चालत निघालेली. त्या रात्री मी लेकीला म्हटलं, आपल्याला दार लावून घेता येतं, हे विसरायचं नाही. त्यानंतर खोली लहान आहे ही तक्रार आमच्यापैकी कुणी केली नाही.

7. घरमालकाशी भाड्याचं बोलणं पहिल्याच महिन्यात, समोर उभं राहून करावं. विद्यार्थ्यांना आणि मजुरांना खोली सोडायला लावणाऱ्यांवर कारवाई होईल, असा केंद्राचा आदेश 29 मार्चला निघाला होता. तो माहीत असणं चांगलं. पण आम्हाला उपयोगी पडलं ते मालकीणबाईंशी मनमोकळं बोलणं. त्यांनी निम्मं भाडं नंतर द्यायला सांगितलं आणि वर गच्चीची किल्लीही दिली.

8. गच्चीवर सगळ्या भाडेकरूंच्या पाळ्या लावाव्यात. आमच्याकडे मुलींच्या पाळ्या संध्याकाळी, माझी पहाटे. मी तिथे सांडगे घातले, मेअखेरच्या नवतपाच्या उन्हात ते कडकडीत वाळले आणि मजल्यावरच्या सगळ्या मुलींत वाटले. बैतूलची, होशंगाबादची, रीव्याची अशा मुली होत्या. निम्म्या जणींनी सांडगे पहिल्यांदाच खाल्ले.

9. आता गावातल्या बायका विचारतात, मुलीला एम. पी. नगरला ठेवायची आहे, खोली कशी बघू? क्लासपासून किती अंतर, हे मी शेवटी विचारायला सांगते. आधी खिडकी उघडून बघा, समोर भिंत आहे की हवा. नळाला पाणी किती वाजता येतं ते शेजारच्या खोलीतल्या मुलीला विचारा, मालकाला नको. आणि गच्चीची किल्ली कुणाकडे असते, ते आगाऊ पैसे द्यायच्या आधी विचारून घ्या.