जावा बेट : जमीन थोडी, हुन्नर मोठा

जगात सर्वांत जास्त लोकवस्तीचे बेट म्हणजे इंडोनेशियातील जावा. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १ लाख २९ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही कमी. २०२० च्या जनगणनेत शेजारच्या मदुरा बेटासह येथील लोकसंख्या १५ कोटींवर गेली. त्यात बहुसंख्य मुसलमान आहेत. एवढी माणसे तेथे कशी जगतात, हे आपण व्यापाऱ्याच्या नजरेने पाहू.

बेटावर पूर्व-पश्चिम ज्वालामुखींची रांग आहे. सर्वांत उंच सेमेरू ३६७६ मीटरचा. मेरापीच्या २०१० मधील उद्रेकात साडेतीनशेहून अधिक माणसे दगावली. तरीही लोक डोंगराचा पायथा सोडत नाहीत. कारण तीच राख पुढे कसदार माती होते आणि भरपूर पावसामुळे वर्षाला भाताची दोन-तीन पिके निघतात. १८१५ साली येथे सुमारे ४६ लाख लोक मोजले गेले होते. पुढे माणसे वाढली, शेताचे तुकडे पडले आणि पुष्कळ हात कारागिरीकडे वळले. जेपाराचे लाकडी कोरीवकाम, कोटागेडेची चांदी, सोलो व पेकालोंगानचे बाटिक यांचे नाव झाले.

बाटिकची हकिकत आपल्या कामाची आहे. गरम मेणाने कापडावर हाताने नक्षी काढून रंगवायला आठवडे, कधी महिने लागतात. एकोणिसाव्या शतकात युरोपच्या गिरण्यांनी त्याची स्वस्त नक्कल बाजारात आणली. शतकाच्या मध्यास कारागिरांनी तांब्याचा ठसा काढला. त्याला ‘चाप’ म्हणतात. ठशाने मेण लावल्यावर आठवड्यांचे काम दिवसांवर आले, भाव उतरला आणि धंदा टिकला.

दुसरी अडचण कापड व रंग दलालांकडून घेण्याची होती. सोलोचे बाटिक व्यापारी हाजी समनहुदी यांनी व्यापाऱ्यांची संघटना बांधली. तीच १९१२ पासून ‘सरेकत इस्लाम’ या नावाने देशभर पसरली.

आज छापील कापड बाटिकच्या नावाने विकले जाते आणि हाताने काम करणाऱ्याची मजुरी मारली जाते. ओळख सोपी आहे : हाताच्या बाटिकची नक्षी सहसा दोन्ही बाजूंनी सारखी उठते, छापील कापडाची उलटी बाजू फिकी असते. मालाची पारख गिऱ्हाइकाला शिकवणे हेही दुकानदाराचेच काम आहे. जावाच्या कारागिराने हत्यार बदलले, पण हुन्नर सोडला नाही. आपल्या कारखानदार बांधवांनी एवढे ध्यानात ठेवावे.