गियरचा दांडा व त्याची मूठ

तरफेचा धडा आपण सर्वांनीं विज्ञानाच्या पुस्तकांत वाचलेला आहे. टेकू, भार आणि बल हे शब्द बहुतेकांस तोंडपाठ असतात. परंतु पुस्तकांतील तरफ फळ्यावरच राहते, आणि जिच्यावर हात ठेवून माणूस रोज प्रवास करतो ती तरफ मात्र त्याच्या ओळखीची होत नाहीं. मोटारींतील गियरचा दांडा ही अशीच एक तरफ होय. तिची ओळख आम्हांस कशी झाली, तें येथें सांगावयाचें आहे.

आमच्या घरीं एक जुनी मारुती 800 आहे. 1983 सालच्या डिसेंबरापासून 2014 सालच्या जानेवारीपर्यंत ही गाडी आपल्या देशांत तयार होत होती. तिचा दांडा पुढील दोन बैठकींच्या मध्यें, तळावर असतो. गियरपेटी मात्र पुढें, इंजिनाला जोडून आडवी बसविलेली असते. या दोहोंना गाडीखालून जाणाऱ्या सळया जोडतात व सळयांच्या सांध्यांत बुश असतात. पुष्कळ वर्षांच्या वापरानंतर आमचा दांडा डुलूं लागला होता. दुसरा गियर पडला कीं नाहीं हें हाताला नीट कळत नसे. दांडा कापून आंखूड करावा आणि त्यावर धातूची जड, चकचकीत मूठ बसवावी, म्हणजे सर्व ठीक होईल, असें आम्हांस वाटलें.

प्रथम दांडा आंखूड केल्यानें काय होतें तें पाहूं. समजुतीसाठीं असें धरूं कीं, दांडा टेकूच्या वर 40 सेंटिमीटर व खालीं 8 सेंटिमीटर आहे. खालचें टोक 1 सेंटिमीटर सरकविण्यास मूठ 5 सेंटिमीटर न्यावी लागेल. आणि तेथें 10 किलो भाराइतकें बल हवें असेल, तर हाताला 2 किलोचें पुरेल. आतां वरून 8 सेंटिमीटर कापले, तर मूठ 4 सेंटिमीटर न्यावी लागेल, पण हाताला अडीच किलोचें बल लावावें लागेल. पांच दुणे दहा आणि चार अडीचें दहा. गुणाकार तोच राहिला. हालचाल एक-पंचमांशानें कमी झाली, बल एक-चतुर्थांशानें वाढलें. तरफ अंतर देते तें बलाच्या मोबदल्यांत; फुकट कांहींच देत नाहीं.

दुसरी गोष्ट गियरपेटीच्या आंतील. गियरचे दांते एकमेकांत शिरण्यापूर्वीं एक पितळी कडें गियरच्या निमुळत्या भागावर घासतें व दोहोंचा वेग समान करतें. या कामाला क्षणभर अवधि लागतो. आंखूड दांड्यामुळें हात घाई करूं लागला, तर ती घाई त्या कड्याला सोसावी लागते आणि तें लवकर झिजतें.

मुठीचेंहि असेंच आहे. जड मुठीला गति मिळाली कीं ती गियर पुढें रेटण्यास मदत करते व दांडा हलका वाटतो. परंतु सांधे ढिले असतील, तर तोच भार खड्ड्यांच्या धक्क्यांनीं दांड्याला हिसके देतो. शिवाय वैशाखांत उन्हांत ठेवलेल्या गाडीची धातूची मूठ हातांत धरवत नाहीं.

हा विचार आम्हीं आधीं केला नाहीं. दांडा कापण्यास सवड मिळाली नाहीं, हें आमचें भाग्य. मूठ मात्र घाईनें आणली. तिचे आटे दांड्याच्या आट्यांशीं जुळेनात, तेव्हां चिकटपट्टी गुंडाळून ती घट्ट केली. त्याच आठवड्यांत खंबाटकीचा घाट चढतांना तिसऱ्यावरून दुसरा गियर टाकण्यासाठीं दांडा ओढला, तों मूठ हातांत आली आणि दांडा मध्येंच राहिला. गाडीचा वेग मरून ती मागें सरूं लागली. मागें मालमोटार होती. शेजारीं आई बसली होती. ब्रेक लागला व मालमोटारवाल्यानें अंतर राखलें होतें म्हणून निभावलें. आई कांहीं बोलली नाहीं. तें न बोलणें आम्हांस अद्याप आठवतें.

दुसऱ्या दिवशीं मिस्त्रींनीं गाडी उचलून सळया हलवून दाखविल्या. ते म्हणाले, “दांड्याचा कांहीं दोष नाहीं, साहेब. बुश गेलेत. आधीं खालीं बघायचं, मग वर.” झिजलेले बुश बदलले, मूळची मूठ पुन्हां बसविली, आणि दांड्याचें डुलणें थांबलें.

यावरून आम्ही जें शिकलों तें थोडक्यांत असें. जुन्या गाडींत बदल करण्यापूर्वीं दोष रचनेचा आहे कीं झिजेचा, हें पाहावें. झिजेवर नव्या वस्तूचा उपाय चालत नाहीं. नवी मूठ घेतांना आट्यांचा व्यास व दोन आट्यांमधील अंतर हीं दोन्हीं जुळवून घ्यावीं. मूठ हातानेंच पुरेशी खोलवर फिरली पाहिजे आणि खालून नटानें आवळली पाहिजे. गियरांची आकृति मुठीवर असावी, कारण गाडी उद्यां दुसऱ्या कोणाच्या हातीं जाईल. दांडा कापूं नयेच असें नाहीं. पण कापलेला दांडा पुन्हां वाढत नाहीं, आणि ती गाडी चालविणाऱ्या घरांतील वडील माणसांच्या हाताला वाढलेलें बल झेपेल काय, हें त्यांना विचारूनच कापावा.

आमची ती चकचकीत मूठ आतां टेबलावर कागदांवर ठेवलेली असते. वजन म्हणून ती चांगली आहे.