मेद, हृदय आणि घरची शुश्रूषा

आमच्या वऱ्हाडांत अंगानें भरलेल्या माणसास पाहून 'खात्यापित्या घरचा दिसतो' असें कौतुकानें म्हणण्याची चाल आहे. ज्या काळीं दुष्काळाची धास्ती घरोघर असे, त्या काळीं ही समजूत स्वाभाविक होती. परंतु आज अमरावती व अकोला या जिल्ह्यांत हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठीं नागपुरास किंवा मुंबईस जाऊन आलेलीं माणसें आपल्या ओळखीपाळखींत सहज आढळतात, आणि त्यांपैकीं पुष्कळांच्या रोगाचें एक मूळ त्या सुटलेल्या पोटांत असतें. म्हणून मेद वाढल्यानें शरीरांत काय घडतें, शस्त्रक्रियेनें काय साधतें व काय साधत नाहीं, आणि रुग्ण घरीं परतल्यावर घरच्यांचें कर्तव्य काय, या तीन गोष्टींचा विचार आम्ही येथें करणार आहों.

भरलेलें पेव

मेद हा शरीराचा शत्रु नव्हे, हें प्रथम ध्यानांत घ्यावें. पूर्वीं आपल्याकडील शेतकरी ज्वारी पेवांत सांठवून ठेवीत. पेव बंद व कोरडें असे, आणि अडचणीच्या दिवसांत तें उघडलें जाई. त्वचेखालचा मेद हें शरीराचें पेव होय. परंतु पेव भरलें आणि तरीहि धान्य येतच राहिलें, तर तें कोठें ठेवावयाचें? मग ओसरीवर, माजघरांत, चुलीपाशींहि पोतीं रचावीं लागतात. वाटा अडतात व उंदीर होतात. शरीरांत असेंच घडतें. त्वचेखालची जागा पुरेनाशी झाली म्हणजे मेद आंतड्यांभोंवतीं, यकृतांत आणि स्नायूंत शिरूं लागतो.

हा आंतला मेद स्वस्थ पडून राहत नाहीं. त्यांतून सुटणारीं मेदाम्लें रक्तावाटे यकृताकडे जातात, व यकृत त्यांपासून ट्रायग्लिसराइड नांवाची चरबी बनवून ती पुनः रक्तांत सोडतें. जेवणानंतर रक्तांत आलेली साखर स्नायूंत पोंचविण्याचें काम स्वादुपिंडांतून स्रवणारें इन्शुलिन करतें. पण मेदानें भरलेले स्नायु व यकृत त्याचा हुकूम पूर्वीसारखा मानीत नाहींत. स्वादुपिंड अधिक इन्शुलिन तयार करून कांहीं वर्षें निभावून नेतें, आणि शेवटीं थकतें. तेव्हां रक्तांतील साखर वाढते. त्याबरोबर रक्तदाब चढतो, चांगलें म्हणून ओळखलें जाणारें कोलेस्टेरॉल घटतें, आणि रक्तवाहिन्यांत मंद दाह चालू राहतो.

हे बदल एकटेदुकटे येत नसून टोळीनें येतात, याकडे अमेरिकेंतील डॉ. जेराल्ड रीव्हेन यांनीं १९८८ सालीं वैद्यकविश्वाचें लक्ष वेधलें. आज डॉक्टर पांच खुणा तपासतात: कमरेचा वाढलेला घेर, १३०/८५ किंवा त्याहून अधिक रक्तदाब, उपाशीपोटीं १०० किंवा त्याहून अधिक साखर, १५० किंवा त्याहून अधिक ट्रायग्लिसराइड, आणि चांगलें कोलेस्टेरॉल पुरुषांत ४० हून व स्त्रियांत ५० हून कमी. यांपैकीं कोणत्याहि तीन आढळल्यास चयापचय बिघडलें असें समजतात. यांत दुखणें-खुपणें कांहींच नसल्यामुळें मनुष्य स्वतःस निरोगी समजत राहतो.

बारीक दिसणाऱ्यांनीं निश्चिंत राहूं नये

येथें कोणी म्हणेल, 'आम्ही कोठें लठ्ठ आहों?' याचें उत्तर आपल्याच महाराष्ट्रांतील संशोधनानें दिलें आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनीं २००४ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. वजनाच्या किलोंस मीटरांतील उंचीच्या वर्गानें भागलें असतां जो आंकडा येतो, तो दोघांचाहि २२.३ होता, म्हणजे दोघेहि बांध्यानें सारखे. परंतु शरीरांतील मेदाचें प्रमाण मोजलें तेव्हां डॉ. युडकिन यांच्या अंगांत तें शेंकडा ९.१ भरलें, आणि डॉ. याज्ञिक यांच्या अंगांत शेंकडा २१.२!

या भेदाचा उगम जन्मापूर्वींच होतो, असें याज्ञिक व त्यांचे सहकारी यांना दिसून आलें. १९९३ पासून त्यांनीं पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा व त्यांच्या बालकांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचें सरासरी वजन २.७ किलो होतें, तर इंग्लंडांतील साउदॅम्प्टनच्या बालकांचें ३.५ किलो. आपलीं बालकें स्नायूंत फार मागें होतीं, पण त्वचेखालच्या मेदांत तितकीं मागें नव्हतीं. वरून कृश व आंतून मेदयुक्त, अशी ही घडण होय. आमच्याच अमरावती जिल्ह्यांत एकीकडे मेळघाटांतील कुपोषण आणि दुसरीकडे शहरांतील मधुमेह आहे. ह्या दोन गोष्टी परस्परविरुद्ध नसून एकाच दोरीचीं दोन टोकें असूं शकतात. गर्भार मातेच्या ताटाची काळजी ही पुढच्या पिढीच्या हृदयाचीहि काळजी आहे.

म्हणून आपल्या लोकांसाठीं कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांस ९० व स्त्रियांस ८० सेंटिमीटर इतकी खालीं ठरविली आहे. फीत नसल्यास एक सोपा प्रयोग सांगतों. आपल्या उंचीइतका सुताचा दोरा घ्यावा, त्याची बरोबर दुहेरी घडी घालावी, आणि ती कमरेभोंवतीं गुंडाळून पाहावी. टोकें जुळत नसतील तर पोटाचा घेर उंचीच्या निम्म्याहून अधिक आहे, व तपासणी करून घेण्याची वेळ आली आहे असें मोठ्या माणसांनीं समजावें.

शस्त्रक्रिया काय करते?

हृदयाच्या स्नायूंस रक्त पुरविणाऱ्या धमन्या जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंद असतात. त्यांच्या भिंतींत कोलेस्टेरॉल सांचून वाट अरुंद झाली म्हणजे छातींत कळ येते. शेतांतील पाट गाळानें भरला असतां त्यास वळसा घालून शेतकरी जसा नवा पाट काढतो, तसें शल्यवैद्य रुग्णाच्याच पायांतील शीर किंवा छातीच्या आंतील धमनी घेऊन रक्तास नवा मार्ग करून देतात. हीच बायपास शस्त्रक्रिया. १९६७ सालीं अमेरिकेंतील क्लीव्हलंड येथें पायांतील शीर वापरून ही पद्धति रूढ करणारे डॉ. रेने फावालोरो हे त्यापूर्वीं सुमारें बारा वर्षें अर्जेंटिना देशांतील एका खेड्यांत साधे डॉक्टर होते. खेड्यांत राहून मोठें कार्य होत नाहीं असें मानणाऱ्या विद्यार्थ्यांनीं हें अवश्य लक्षांत ठेवावें.

परंतु नव्या पाटांतूनहि पाणी तेंच वाहतें. शस्त्रक्रियेनें रक्तांतील साखर, चरबी वा रक्तदाब बदलत नाहीं. पोटांतील मेद होता तेथेंच राहतो. छातीच्या धमनीपासून केलेले मार्ग दहा वर्षांनंतरहि दहांपैकीं नऊ तरी चालू असतात. पण पायाच्या शिरांपासून केलेल्या मार्गांपैकीं जवळजवळ निम्मे तेवढ्या मुदतींत बंद पडतात किंवा रोगट होतात. रुग्णालयांतून निघतांना रुग्ण पुरा बरा झाला असें मानणें म्हणूनच घातक आहे. उरलेलें अर्धें काम घरीं व्हावयाचें असतें.

घरीं आल्यावर

शस्त्रक्रियेंत छातीचें मधलें हाड कापून पुढें तारेनें बांधलेलें असतें. तें सांधण्यास साधारणतः दोन ते तीन महिने लागतात. तोंवर रुग्णानें पाण्याची बादली उचलूं नये, मोटारसायकल चालवूं नये, व खोकतांना उशी छातीशीं धरावी. लठ्ठ रुग्णाच्या वाटेंत अडचणी अधिक असतात. पोटाचा भार वर येत असल्यामुळें खोल श्वास घेणें जड जातें, हृदयाची लय बिघडण्याचा संभव वाढतो, आणि जखम चिघळण्याचा धोका असतो. मधुमेह असल्यास हा शेवटचा धोका आणखी वाढतो. शस्त्रक्रियेच्या ताणानें पूर्वीं मधुमेह नसलेल्यांचीहि साखर कांहीं दिवस चढूं शकते. म्हणून सांगितलेल्या तपासण्या चुकवूं नयेत.

आहाराच्या बाबतींत दोन टोकांच्या चुका होतात. एक प्रेमाची. भेटीस येणारा प्रत्येक पाहुणा तुपांतला शिरा, डिंकाचे लाडू किंवा शेगांवची कचोरी घेऊन येतो, आणि 'अशक्तपणा आला आहे, खा' असा आग्रह होतो. दुसरी चूक भीतीची. रुग्णास एकदम उपाशी ठेवून वजन उतरविण्याचा प्रयत्न होतो. दोन्ही वाईट. जखम भरून येण्यास प्रथिनें लागतात. तीं तुरीच्या वरणांत, मुगांत, ताकांत, व जे खातात त्यांच्यासाठीं अंड्यांत व मासळींत आहेत. ज्वारीची भाकर, पालेभाजी व वरण हें आपलें जुनें जेवण उत्तम आहे, मात्र भाकरीहि मोजून खावी. पापड, लोणचें, तर्री व तळणी यांस रजा द्यावी. वजन उतरविण्याचें काम जखम भरल्यावर, डॉक्टरांच्या सल्ल्यानें, महिन्यामहिन्यानें करावें. नव्वद किलोच्या माणसानें साडेचार ते नऊ किलो कमी केले तरी साखर व रक्तदाब यांत सुधारणा दिसूं लागते.

चालणें हें औषधच होय. प्रारंभीं अंगणांत पांच मिनिटें, मग गल्लीच्या टोंकापर्यंत, असें हळूहळू वाढवावें. अकोल्याचा उन्हाळा ४५ अंशांवर जातो, तेव्हां चैत्र-वैशाखांत सूर्योदयापूर्वींच फिरून यावें. तंबाखू व खर्रा कायमचा सोडावा, आणि बरें वाटूं लागलें म्हणून गोळ्या आपण होऊन बंद करूं नयेत.

आमच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांची अशी शस्त्रक्रिया झाली. तो मुलगा रोज सकाळीं त्यांचें वजन करून वहींत लिहीत असे. एके दिवशीं दोन दिवसांत दोन किलो वाढल्याचें त्याच्या ध्यानांत आलें. पावलेंहि सुजलीं होतीं. 'खाणें अंगीं लागत आहे,' असें घरांतलीं मोठीं माणसें म्हणालीं. मुलानें वही पुढें केली व त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जाण्याचा हट्ट धरला. तें खाणें नव्हतें, अंगांत सांचलेलें पाणी होतें. वेळेवर औषध मिळालें व संकट टळलें. दोन दिवसांत वाढलेलें वजन मेदाचें नसतें, इतकें त्या मुलास ठाऊक होतें. अशीच ताप, जखमेंतून स्राव, धाप, छातींत कळ, किंवा छातीचें हाड करकरणें, यांपैकीं कांहीं दिसल्यास सकाळची वाट पाहूं नये.

विद्यार्थ्यांनो, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा आखाडा १९१४ पासून आपल्या शेजारीं आहे. शरीर कमावण्याची परंपरा आपणांस उसनी आणावयाची नाहीं. रोज एक तास मैदानावर जा. घरीं रुग्ण असेल तर त्याच्याबरोबर चालावयास जा, त्याच्या गोळ्यांची वेळ सांभाळा आणि वही ठेवा. पालकांस आमची एवढीच विनंति कीं, मुलाच्या हातीं ती वही द्यावी, आणि त्यानें कांहीं दाखविलें तर तें वाचावें.