टरफलांवरून शेंगांची मोजणी

गेल्या महिन्यात एक तरुण गृहस्थ दवाखान्यात आले. दोन वर्षांपासून ते इन्शुलिनची इंजेक्शने घेत आहेत. "डॉक्टर, साखर आता उत्तम आहे. घरचे म्हणतात, सुया बंद कर आणि झाडपाला सुरू कर. करू का?" मी त्यांच्या अहवालातील साखरेचा आकडा सोडून खालच्या ओळीवर बोट ठेवले. जेवणानंतर घेतलेल्या रक्तात 'सी-पेप्टाइड' जवळजवळ शून्य होते. या एका ओळीमागे एका शास्त्रज्ञाची उभी हयात आहे. ती हकिगत त्यांना सांगितली, तीच आज वाचकांसाठी.

इन्शुलिन हे प्रथिन दोन साखळ्यांचे असते. एकीत २१ व दुसरीत ३० अमिनो आम्ले असतात. फ्रेडरिक सँगर यांनी ही रचना १९५५ पर्यंत उलगडली आणि १९५८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. स्वादुपिंडातील बीटा पेशी या दोन साखळ्या वेगवेगळ्या बनवून मग जोडत असाव्यात, असा तेव्हा अनेकांचा समज होता. पण प्रयोगशाळेत त्या अचूक जोडणे फार जिकिरीचे ठरे. मग पेशीला ते इतके सहज कसे साधते?

शिकागो विद्यापीठातील डॉ. डोनाल्ड स्टायनर (१९३०-२०१४) यांनी या प्रश्नाचा छडा लावला. इन्शुलिन बनवणारी स्वादुपिंडाची एक गाठ शस्त्रक्रियेत काढण्यात आली होती. तिचे तुकडे त्यांनी किरणोत्सर्गी अमिनो आम्लांच्या द्रावणात ठेवले. तेव्हा आधी इन्शुलिनपेक्षा मोठे एक प्रथिन तयार होताना दिसले. १९६७ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. या पूर्वरूपाला 'प्रोइन्शुलिन' असे नाव मिळाले. दोन्ही साखळ्या एका मधल्या दुव्याने जोडलेल्या असतात. त्यामुळे घडी नीट बसते. मग तो दुवा कापला जातो. हा कापलेला दुवा म्हणजेच सी-पेप्टाइड.

शेंग सोलली की दाणे निघतात आणि टरफल उरते, तसाच हा प्रकार आहे. इन्शुलिनच्या प्रत्येक रेणूमागे सी-पेप्टाइडचा एक रेणू रक्तात उतरतो. इन्शुलिनचा बराचसा भाग यकृत लगेच काढून घेते, सी-पेप्टाइड मात्र अधिक वेळ टिकते. शिवाय इंजेक्शनच्या इन्शुलिनमध्ये ते नसते. म्हणून रक्तातले सी-पेप्टाइड मोजले की स्वतःचे स्वादुपिंड किती काम करते ते कळते. स्टायनर यांचे सहकारी डॉ. आर्थर रुबेनस्टाइन यांनी या मापनाचा रुग्णांसाठी उपयोग करून दाखवला.

स्टायनर तेथेच थांबले नाहीत. प्रोइन्शुलिन कापणारी विकरे कोणती, याचा शोध ते पुढे घेत राहिले आणि १९९० मध्ये त्यांतील एक त्यांच्या प्रयोगशाळेत सापडले. २००७ मध्ये, वयाच्या सत्तरीनंतर, तान्ह्या बाळांना होणाऱ्या मधुमेहाचे कारण इन्शुलिनच्या जनुकातील दोषांत दाखवणाऱ्या संशोधनातही ते सहभागी होते. एकच प्रश्न, पण त्याचा पाठपुरावा चाळीस वर्षे!

आता आमच्या रुग्णाकडे वळू. त्यांची साखर उत्तम होती ती सुयांमुळे. त्यांचे स्वादुपिंड इन्शुलिन जवळजवळ बनवतच नव्हते. सुया बंद झाल्या असत्या तर काही दिवसांतच उलट्या, पोटदुखी, धाप आणि बेशुद्धी येऊन जिवावर बेतले असते. हे ऐकून ते काही वेळ गप्प बसले आणि नंतर पुढच्या महिन्याच्या कुप्या लिहून घेऊन गेले.

वाचकांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. ही तपासणी प्रत्येक मधुमेहीला लागतेच असे नाही. मधुमेहाचा प्रकार कोणता याचा संशय असेल, तेव्हा तिचा विशेष उपयोग होतो. दुसरे, आकडा एकट्याने वाचू नये. त्या वेळची रक्तशर्करा सोबत पाहावी लागते आणि मूत्रपिंड अशक्त असेल तर सी-पेप्टाइड फसवे जास्त दिसते. काहींच्या बाबतीत इन्शुलिन कमी करता येते, हेही खरे. पण तो निर्णय आपल्या डॉक्टरांसमोर बसून घ्यावा, शेजाऱ्यांच्या ओट्यावर नव्हे.