तुसाच्या धुरातील उष्णतेचा पुनर्वापर : बाष्पक नळ्यांचे कार्य व निगा

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील कुंभकोणम परिसर भातासाठी प्रसिद्ध आहे. उकडा तांदूळ तयार करताना भात गरम पाण्यात भिजवणे, त्यास वाफ देणे व वाळवणे या तिन्ही टप्प्यांत उष्णता लागते. भाताच्या वजनाच्या सुमारे २० टक्के निघणारे तूस हेच गिरणीच्या बॉयलरचे सोयीचे इंधन होय. मात्र तुसाच्या उष्णतेचा काही भाग धुराड्यावाटे वाया जातो. धुराच्या मार्गात पाण्याच्या नळ्या बसवून त्यातून वाफ मिळवता येते. कोकणातील व पूर्व विदर्भातील भात गिरण्यांनाही हे तत्त्व लागू पडते.

नळीच्या आत

नळीत शिरलेले पाणी प्रथम तापते, नंतर भिंतीवर बुडबुडे उठतात. पुढे वाफ मध्यभागातून वेगाने वाहते व पाण्याचा पातळ थर भिंतीला धरून राहतो. एक किलो पाणी १ अंश सेल्सिअसने तापवण्यास सुमारे ४.२ किलोज्यूल, तर वातावरणीय दाबाला त्याची वाफ करण्यास सुमारे २,२५७ किलोज्यूल उष्णता लागते. म्हणून उकळते पाणी भिंतीची उष्णता झपाट्याने शोषून घेते. हा थर सुकला किंवा भिंतीवर क्षारांची खपली जमली, तर उष्णतेचे वहन मंदावते. धुराड्याकडील नळ्यांत त्यामुळे वाफ कमी मिळते. भट्टीजवळच्या नळ्यांत मात्र धातू अतितप्त होऊन नळी फुटण्याचा धोका असतो.

नळीच्या बाहेर

उकळत्या पाण्याच्या तुलनेत धूर उष्णता फारच सावकाश देतो. दोहोंतील फरक शंभर पटींच्या घरात असू शकतो. त्यामुळे वाफेचे प्रमाण मुख्यतः बाहेरील बाजू ठरवते. पृष्ठभाग वाढवण्यासाठी नळ्यांना पंखे, म्हणजे धातूच्या पातळ पट्ट्या, जोडतात. परंतु तुसाच्या राखेत सिलिका विपुल असते. ती पट्ट्यांमध्ये अडकते व धातू झिजवते. म्हणून पट्ट्या विरळ असाव्यात.

दाबाची निवड

२ बार निरपेक्ष दाबाला पाणी सुमारे १२० अंशांना, तर ८ बारला सुमारे १७० अंशांना उकळते. २२० अंशांच्या धुरातून पहिल्या स्थितीत १०० अंशांचा, दुसऱ्या स्थितीत केवळ ५० अंशांचा फरक मिळतो. भाताला वाफ देण्यासाठी कमी दाबाची वाफ पुरते. म्हणून येथे कमी दाब अधिक लाभदायक ठरतो.

गिरणीचालकांसाठी सूचना

• बॉयलरला मृदू केलेले पाणी द्यावे. त्याची कठीणता नियमित तपासावी.
• बॉयलरमध्ये साचलेले क्षार ठरावीक वेळी पाण्यासह बाहेर सोडावेत.
• नळ्यांवरील राख नियमित झाडावी.
• धुराड्यातील तापमानाची दररोज नोंद ठेवावी. भार तोच असता ते वाढत गेल्यास नळ्या मळल्या आहेत असे समजावे.
• नळ्यांची जोडणी अथवा बदल मान्यताप्राप्त तज्ज्ञाकडूनच, बॉयलर निरीक्षकांच्या परवानगीने करावा.

नवीन नळ्यांवर खर्च करण्यापूर्वी असलेल्या नळ्या आतून-बाहेरून स्वच्छ ठेवल्यास तूस वाचते. वाचलेले तूस विकूनही गिरणीला उत्पन्न मिळू शकते.