कादंबरीआधीची पायपीट

वसईच्या १७३९ च्या वेढ्यावर कादंबरी लिहायची, तर खिशात पैसे असोत वा नसोत, ग्रंथालय आणि पाय यांना पर्याय नाही, असे माझे मत झाले आहे. गो. स. सरदेसाई यांनी संपादिलेले पेशवे दप्तराचे ४५ खंड ग्रंथालयात बसून फुकट वाचता येतात. मात्र तारखांपाशी सावध राहावे. मराठी पत्रांत पुष्कळदा अरबी महिन्याचा ‘चंद्र’ असतो. पोर्तुगीज ग्रेगरी पंचांग पाळीत, तर मुंबईचे इंग्रज १७५२ पर्यंत जुनेच. एकाच घटनेत ११ दिवसांचे अंतर! हे न जुळवणाऱ्या लेखकाच्या कादंबरीत किल्ला दोनदा पडायचा.

वसईला जाणे स्वस्तच. लोकलने वसई रोड, पुढे बस, पिशवीत भाकरी-चटणी. जमिनीकडच्या दरवाजापासून समुद्रदरवाजापर्यंत मी पावले मोजीत हिंडलो. चिमाजीअप्पांचे सुरुंग जमिनीच्या बाजूने उडाले. तहाप्रमाणे पोर्तुगीज शिबंदी शस्त्रांनिशी, बायकामुलांसह बाहेर पडली. ग्रंथात हे एक कलम आहे. समुद्रदरवाजात उभे राहिल्यावर मात्र, त्या मुलांनी बरोबर काय घेतले असेल, हा प्रश्न सुटेना. असे प्रश्न दप्तरात सापडत नाहीत.

वसईची म्हणून सांगितली जाणारी एक घंटा वाईजवळ मेणवलीच्या घाटावर आहे. वाईपर्यंत एस.टी., पुढे मी चालतच गेलो. घंटेवर मेरीमातेची आकृती आहे. माझे पहिले प्रकरण आता मराठ्यांच्या छावणीत नव्हे, त्या घंटेच्या चर्चमध्ये सुरू होते.